पोळी बंद केली, तरी टीटीजी खाली का येत नाही?

परळच्या एका आईचा हा प्रश्न आहे. नऊ वर्षांच्या मुलीला तीन महिन्यांपूर्वी सिलिअ‍ॅक असल्याचं निदान झालं; गव्हा-जवातलं ग्लुटेन नावाचं चिकट प्रथिन पोटात गेलं की लहान आतड्याला इजा होते, तो हा आजार. या आजारात रक्तात वाढणाऱ्या प्रतिपिंडांची तपासणी म्हणजे टीटीजी; ती ‘२०० पेक्षा जास्त’ आली होती आणि दुर्बिणीतून काढलेल्या आतड्याच्या तुकड्यातही तेच दिसलं. त्या दिवसापासून पोळी, पाव, बिस्किटं, नूडल्स सगळं बंद. मुलगी ज्वारीची भाकरी आणि भात खाते. तरीही परवा टीटीजी १४० आली, पोट अधूनमधून दुखतंच, हिमोग्लोबिन ९ च्या पुढे सरकत नाही. दीड खोलीचं घर, माणसं पाच. सासूबाई म्हणतात, "एवढं करून फरक नाही, मग पोरीच्या तोंडचा घास कशाला काढायचा?" आईने विचारलंय, आमचं काय चुकतंय आणि हे जन्मभर निभवायचं कसं?

ताई, मी बावीस वर्षं दादरला आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि सिलिअ‍ॅकची मुलं या सगळ्या वर्षांत माझ्याकडे येत आली आहेत. आधी तो आकडा नीट वाचूया, कारण त्याच्यामुळे तुमच्या घरात विनाकारण हताशपणा आलाय. ‘२०० पेक्षा जास्त’ म्हणजे २०१ नव्हे. त्या मशीनची मोजणी तिथे संपते, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या मुलीचा खरा आकडा तेव्हा ४०० असेल, ८०० असेल, कुणालाच ठाऊक नाही. तिथून तो १४० वर आलाय. म्हणजे उतरलाय, कदाचित चांगलाच उतरलाय. टीटीजी तीन महिन्यांत नॉर्मल व्हावी अशी अपेक्षाच नसते. मुलांना बहुतेकदा वर्ष लागतं, पहिला आकडा खूप वर असेल तर दीड-दोन वर्षंही. सासूबाईंना एवढंच सांगा की औषध लागू पडतंय. या आजाराचं औषध म्हणजे हे जेवणच, दुसरी गोळी अजून निघालेली नाही.

हिमोग्लोबिनचंही तसंच आहे. लोह शोषून घेणारा लहान आतड्याचा सुरुवातीचा भागच सोललेला असतो. तो भरून येईपर्यंत पालक, बीट, खजूर कितीही खाल्ले तरी अंगाला लागत नाहीत. लोहाचं औषध डॉक्टर सांगतील तितके महिने चालू ठेवा, मधेच थांबवू नका.

पोट अजून दुखतंय, ही गोष्ट मात्र मला खटकते. तुमच्या पत्रात एक वाक्य ओझरतं आलंय, ‘ज्वारी कोपऱ्यावरच्या गिरणीतून दळून आणतो.’ माझा पहिला संशय तिथेच आहे.

गिरणीत दिवसभर गहू दळला जातो. तुमचा ज्वारीचा डबा लागतो तेव्हा जात्याच्या खाचांत, पीठ पडतं त्या कापडी नळीत, खालच्या भांड्यात आधीच्या माणसाची कणीक असतेच. हिशोब करून पाहा. एक किलो ज्वारीत दोन चमचे, म्हणजे साधारण २० ग्रॅम कणीक मिसळली असं धरा. कणकेत ढोबळमानाने आठ टक्के ग्लुटेन असतं. म्हणजे त्या किलोभर पिठात दीड ग्रॅमच्या वर ग्लुटेन आलं. ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणवायला किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांतही तीच. तुमचं पीठ त्याच्या ऐंशी पट झालं. मुलीने दिवसाला १०० ग्रॅम पिठाच्या भाकऱ्या खाल्ल्या तर पोटात सुमारे १६० मिलिग्रॅम गेलं. बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत निभावतं, रोज ५० मिलिग्रॅम गेलं तर आतडं पुन्हा बिघडू लागतं. १० मिलिग्रॅम म्हणजे किती, तर एका पोळीचा दोनशेवा भाग. मुलीने पोळीला हातही लावला नाही, पण भाकरीतून रोज गहू खाल्ला.

‘आधी थोडे तांदूळ दळून मग आमचं दळा’ असं गिरणीवाल्याला सांगून भागत नाही. प्रमाण कमी होतं, पण किती कमी झालं ते कळायला काही मार्ग नाही. मग उरतात दोन उपाय. एक म्हणजे घरघंटी, जिच्यात आजवर गव्हाचा दाणा पडलेला नाही अशी. ओळखीत कुणी जुनी देत असेल तर मोह होतो, पण घेऊ नका. आतल्या फटीतलं पीठ निघत नाही. नवी परवडत नसेल तर निराश होऊ नका. माझ्याकडच्या तीन कुटुंबांनी मिळून एक घेतली, ती एकाच्या घरी असते आणि बाकीचे शनिवारी डबे घेऊन जातात. दुसरा उपाय म्हणजे पाकिटावर स्पष्ट ग्लुटेन-फ्री लिहिलेलं पीठ. ते महाग पडतं. तांदूळ, नाचणी थोड्या प्रमाणात मिक्सरवर दळून बारीक चाळणीने चाळली तरी घावन, आंबोळी, पेज यांना चालते. चाळणी मात्र तिची वेगळी हवी.

दळण्याआधी धान्य निवडा. वाण्याकडे शेजारी-शेजारी पोती असतात, माप एकच फिरतं. ज्वारीत, धण्यात, मसुरीत गव्हाचे दाणे हमखास सापडतात. थाळीत पसरून, उजेडात, दोनदा. मग धुऊन वाळवा, पण ज्या चादरीवर गहू वाळवले असतील तिच्यावर नको. हे काम सासूबाईंकडे द्या. निवडण्याची नजर आपल्या पिढीपेक्षा त्यांच्या पिढीची चांगली आहे. शिवाय ज्या कामात आपला हात असतो त्याला माणूस नावं ठेवत नाही, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

आता ओटा. दीड खोलीत दोन स्वयंपाकघरं होत नाहीत, हे मला माहीत आहे. तेव्हा सगळंच वेगळं करायला जाऊ नका. स्टीलची पातेली, कुकर, चमचे, ताटं नीट घासली की पुरे. वेगळं हवं ते लाकडाचं आणि छिद्राछिद्राचं, जिथे पीठ दडून बसतं. पोळपाट-लाटणं, काठवट, लाकडी कालथा, चाळणी, घावनांचा बिडाचा तवा, भाकरीचा लोखंडी तवा. या वस्तूंना लाल दोरा बांधा, म्हणजे घाईत कुणी उचलणार नाही. मीठ, साखर, लोणी, लोणचं, जॅम यांत पोळी-पावाचा हात किंवा चमचा बुडतो. तिच्यासाठी छोट्या बरण्या वेगळ्या भरा. तिचं सामान सगळ्यात वरच्या फळीवर, गव्हाचा डबा सगळ्यात खाली. पीठ वरून खाली सांडतं, उलटं होत नाही.

स्वयंपाकाचा क्रमही बदला. सकाळी आधी तिची भाकरी, तिचा डबा भरून झाकण लागलं की मगच घरात कणीक मळायची. कोरडी कणीक चाळताना उडते आणि शेजारी उघड्या असलेल्या भाजीत बसते. पोळ्यांना मावशी येत असतील तर त्यांना कारण समजावून सांगा, नुसतं ‘हे वेगळं ठेवा’ म्हणू नका. तळणीचंही तसंच, ताज्या तेलात आधी तिचं, नंतर इतरांचं.

हे सगळं सांभाळणाऱ्या घरांतूनही जे पदार्थ निसटतात ते आपल्या मराठी स्वयंपाकातलेच आहेत. मेतकुटात गहू असतो. थालीपिठाच्या आणि कोंबडी-वड्यांच्या भाजणीत बहुतेक घरी मूठभर गहू घालतात. सातूचं पीठ, कुरडया, शेवया, लापशी, रवा, हे सगळं गहू किंवा जवच. ताकदीच्या म्हणून दिल्या जाणाऱ्या माल्टच्या पावडरी जवाच्या असतात, आणि साध्या दिसणाऱ्या कॉर्नफ्लेक्समध्येही चवीला माल्ट असतो. सोया सॉसमध्ये गहू असतो, म्हणून हातगाडीवरचा चायनीज भातही बाद. पाकिटावर ‘गहू आहे’ किंवा ‘गहू असू शकतो’ ही ओळ बारीक अक्षरात असते. मुलीलाच वाचायला शिकवा, नऊ वर्षांची मुलं हे उत्तम करतात.

हिंगाबद्दल सगळे घाबरवतात, म्हणून थोडं सांगते. आपण वापरतो तो बांधानी हिंग असतो आणि त्यात बऱ्याचदा मैदा किंवा कणीक मिसळलेली असते. एका फोडणीत चिमूटभर जातो, तो पाच माणसांत वाटला जातो, त्यामुळे एका वेळचं प्रमाण फार नसतं. पण आमटी, भाजी, ताक, चटणी, लोणचं असं करत दिवसभरात तोच पाच वेळा येतो. बदलायला तो सगळ्यात सोपाही आहे. काही न मिसळलेला शुद्ध खडा हिंग घ्या, नाहीतर ज्याच्यावर गहू-मैदा नसून फक्त तांदळाचं पीठ किंवा डिंक लिहिलंय तो. लालबागला डंकावर कुटून आणलेला मालवणी मसाला तिला चालेल, मात्र धणे निवडून द्या आणि त्या डंकावर पिठं होत नाहीत ना, ते आधी विचारून घ्या. हिंग घालणार असाल तर तोही शुद्ध खडाच द्या.

एक गोष्ट कळकळीने सांगते, कारण गेल्या काही वर्षांत त्यापायी दोन मुलं पुन्हा आजारी पडलेली मी पाहिली. खपली गहू तिला चालत नाही. ‘जुनं वाण आहे, पचायला हलकं आहे, आमच्या मधुमेही काकांना सोसतं’ असं प्रेमाने सांगणारे भेटतील. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे. सेंद्रिय गहू, मोड आलेला गहू, आंबवलेल्या पिठाचा पाव, सगळ्यांना हेच उत्तर. ओट्स स्वतः गहू नव्हे, पण साधे ओट्स गव्हाच्याच यंत्रांवरून येतात. पहिलं वर्ष टाळा, नंतर डॉक्टरांना विचारून ग्लुटेन-फ्री लिहिलेले द्या.

त्रास होत नाही म्हणजे चाललं, असंही धरू नका. या आजारात पोट गप्प राहून आतडं झिजू शकतं. एखाद्या दिवशी चुकून वाटीभर शिरा खाल्ला आणि काहीच झालं नाही, तर घरात ‘आता बरी झाली’ असं वातावरण होतं. पुढे बारा-तेरा वर्षांची झाल्यावर ती मैत्रिणींबरोबर चोरून खाऊन बघेल, तेव्हाही बहुधा काही होणार नाही. तोवर तिला स्वतःच्या रिपोर्टवरचे आकडे वाचता यायला हवेत. तेव्हा रागवू नका, फक्त तपासणी वेळेवर करा.

तुमचं सासर मालवणकडचं आहे असं लिहिलंय, याचा मला खरंच आनंद झाला. तांदळाची भाकरी, घावन, आंबोळी, शिरवाळे, पातोळ्या, खापरोळी, सोलकढी, माशाचं तिखलं, यात गहू मुळातच नाही. सुरमई तळताना रव्याऐवजी तांदळाचं पीठ लावा, कुरकुरीत होते. रात्रीचं जेवण सगळ्या घराने तिचंच जेवावं, असं मी प्रत्येक घराला सांगते. भाकरी सगळ्यांना, घावन सगळ्यांना. पिठाचा डबा निम्मा वेळ बंद राहतो, हा एक फायदा. त्याहून मोठा फायदा असा की दिवसातून एकदा तरी तिचं ताट आणि भावाचं ताट सारखं दिसतं. निदान झाल्यावर मुलांना सगळ्यात जास्त काय लागतं, तर वेगळं बसणं. भूक त्यांना सोसते.

शाळेचा डबा ही मात्र खरी अडचण. ज्वारीची भाकरी दुपारपर्यंत कडक होते, कारण पीठ बांधून ठेवणारं ग्लुटेनच त्यात नाही. उकळत्या पाण्यात पीठ घालून, झाकून, वाफ मुरल्यावर चांगलं मळा. वाटीभर पिठाला चमचाभर इसबगोल घातला तर भाकरी पोळीसारखी घडी घेते. तो दिवसभर लवचीक राहणारा रोल मुलांना आवडतो. याशिवाय इडली, मुगाचं धिरडं, नाचणीची आंबोळी, पोहे, स्वतःच्या बिनगव्हाच्या भाजणीचं थालीपीठ. उपासाचे पदार्थ तर तुमचा मोठा आधार आहेत. वरई, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा. सुटं राजगिऱ्याचं किंवा शिंगाड्याचं पीठ घेऊ नका, त्यात भेसळ होते. राजगिरा दाणे आणून घरी दळा. मात्र साबुदाणा हा नुसता स्टार्च आहे, रोजचा डबा त्याच्यावर काढू नका.

वर्गशिक्षिकेला पत्र द्या, तोंडी सांगू नका. ‘अ‍ॅलर्जी’ म्हटलं की लोक पुरळ शोधतात. ‘गव्हाचा कणही चालत नाही, डबा वाटून घेणं बंद, वाढदिवसाचा केक बंद’ असं साध्या मराठीत लिहा. वर्गात तिच्यासाठी राजगिरा चिक्कीचा एक डबा ठेवून द्या, केक वाटला जाईल त्या दिवशी बाई तो उघडतील. चित्रकलेच्या तासाची रंगीत माती आणि आकाशकंदिलाची खळ बहुधा मैद्याची असते. त्वचेतून काही होत नाही, पण मुलांचा हात तोंडात जातोच. साबणाने हात धुण्याची सवय लावा. सॅनिटायझरने पीठ निघत नाही.

दप्तरात दोन दिवसांचा कोरडा खाऊ कायम असू द्या. शेंगदाण्याचे लाडू, चुरमुरे, खजूर, सुकं खोबरं. मुंबईत पावसाळ्यात गाड्या कधी बंद पडतील सांगता येत नाही. २६ जुलै २००५ ला किती मुलं रात्रभर शाळेत अडकली होती. अशा वेळी सगळीकडे मदत म्हणून येतात ती बिस्किटं आणि वडापाव.

बाहेर खाण्याचं थोडक्यात सांगते. बटाटेवड्याचं आवरण बेसनाचं, पण त्याच कढईत समोसे तळले जातात. पावभाजीतली भाजी चालेल असं वाटतं, पण त्याच तव्यावर पाव भाजतात. पाणीपुरी, शेवपुरी नाही. उडुप्याकडे इडली सगळ्यात सुरक्षित, डोशाला तवा रवा डोशाचाच, सांबारात हिंग. दही किंवा घरून नेलेली चटणी बरी. भाजलेलं कणीस, उकडलेल्या शेंगा, शहाळं, फळं, यांना काही विचारायची गरज नाही. नातेवाइकांकडे जाताना तिचा डबा न लाजता न्या.

सण आणि प्रसाद यांवर प्रत्येक घरात रडारड होते. सत्यनारायणाच्या शिऱ्याला ‘नाही’ म्हणणं आजीला जड जातं. मी सांगते ते करून बघा. तुमच्या घरच्या पूजेला शिरा जाड इडली-रव्याचा, म्हणजे तांदळाच्या कण्यांचा करा. दूध, तूप, केळं, साखर तेच सव्वाच्या मापात. गोड शिरा होतो आणि सगळ्यांना पुरतो. दुसऱ्याकडे असाल तर प्रसाद तिने हातात घ्यावा, कपाळाला लावावा आणि तुमच्याकडे द्यावा, मग हात धुवावेत. गणपतीत उकडीचे मोदक आहेतच, पिठी घरी दळलेली हवी आणि उकडीत मैदा नको. विकतच्या मोदकांत तो कधीकधी घालतात. खिरापत चालते. तळणीचे मोदक नाहीत. होळीला पुरण वाटीत, दूध-तुपाबरोबर, किंवा तांदळाच्या उकडीत भरून. दिवाळीत चिवडा, अनारसे, घरी दळलेल्या डाळीचे बेसन लाडू आणि शेव, बिनगव्हाच्या भाजणीची चकली. शंकरपाळ्या आणि चिरोटे राहतात. पहिल्या वर्षी ते घरात करूच नका, माझं ऐका.

पोषणाबद्दल दोनच गोष्टी. नुसत्या भातावर वाढवू नका. ज्वारी, बाजरी, नाचणी आलटून-पालटून द्या. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि तिच्या हाडांना त्याची निकड आहे. डी, बी-१२, फोलेट हे तपासून घ्या, अंदाजाने गोळ्या नकोत. दुधाने पोट फुगत असेल तर काही महिने दही-ताक द्या. दूध पचवणारं विकर सोललेल्या आतड्यात कमी तयार होतं. आतडं भरलं की बहुतेक मुलांना दूध पुन्हा सोसतं. ग्लुटेन-फ्री बिस्किटांवर पैसे घालवू नका, त्यात साखर आणि तूपच जास्त असतं.

हे सारं उद्यापासून सुरू करावंसं वाटेल. थांबा, त्याआधी एक काम आहे. हा आजार रक्ताच्या नात्यात येतो. आई-वडील आणि भावंडांत शंभरातल्या पाच ते दहा जणांना तो निघतो, तोही कसलाच त्रास नसताना. धाकट्या मुलाची, तुमची आणि यजमानांची टीटीजी आणि एकूण आयजीए (रक्तातल्या एका प्रकारच्या प्रतिपिंडांचं एकूण प्रमाण) अशी तपासणी करून घ्या. परळलाच वाडिया आणि केईएम आहेत, लांब जायला नको. ही तपासणी गहू खात असतानाच खरी उतरते. घरातला गहू आधी कमी केला तर रिपोर्ट खोटाच नॉर्मल येऊ शकतो, आणि मग निदानासाठी पुन्हा काही आठवडे गहू खावा लागतो. म्हणून मुलीची गिरणी आजच बंद करा, पण बाकीच्यांची पोळी या आठवड्यात चालू राहू दे. तिघांचं रक्त देऊन झालं की रात्रीच्या घावनांना लागा. काही निघालं तर तोच रिपोर्ट घेऊन आधी डॉक्टरांकडे जा, त्या माणसाची पोळी आपल्या मनाने बंद करू नका.